होस्टेलचा फ्लोअर सांभाळायला घेताय? मग आधी हे वाचा

जून संपत आला की रेक्टर मॅडम केबिनमध्ये बोलावतात आणि म्हणतात, यंदा दुसरा मजला तुझ्याकडं. आपण हो म्हणून बाहेर येतो तेव्हा हातात किल्ल्यांचा जुडगा असतो आणि बावीस नावांची यादी, आणि पुढं नेमकं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतंय. मी कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती संस्थेच्या मुलींच्या होस्टेलमध्ये तीन वर्षं राहिले, नंतर दोन वर्षं फ्लोअर ताई होते, आता तिथंच मॅडमच्या हाताखाली काम करते. दरवर्षी नवीन ताई तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदा सगळं लिहून काढते. मुलांच्या होस्टेलला पण ह्यातलं बरंचसं लागू पडेल, दादा लोकांनी पण वाचा.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून धरून ठेवा, फ्लोअरवरची कुठलीच पोर एकटी जेवायला नको. गॅदरिंग, वेलकम पार्टी, बर्थडे केक हे सगळं करा, छान असतंय, पण पोर इथं टिकणार का बॅग भरून घरी जाणार हे त्याच्यावर ठरत नाही. रात्री आठला ताट घेऊन वळली की कुठं बसायचं हे तिला कळत नाही ना, तिथं ठरतंय.

पहिला दिवस

आई-वडील एसटीनं सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडला उतरतात, तिथनं रिक्षा. चंदगड, आजरा, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा इकडच्या पोरी, काही निपाणी-बेळगावच्या, काही कोकणातनं घाट चढून आलेल्या, एखादी सोलापूरची. वडलांचं लक्ष परतीच्या गाडीकडं असतं पण आई मात्र कपाटाचं दार उघडून बघते, खिडकीची कडी लागते का बघते, गादी दाबून बघते. ह्या आईला अजिबात घाई करू नका. तिला मेसमध्ये न्या, चहा द्या, मावशींशी ओळख करून द्या, पाणी कधी येतं आणि पोर आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेणार हे स्पष्ट सांगा, आणि शेजारच्या खोलीतल्या एका पोरीला समोर उभी करून तिचं नाव सांगा. घरी गेल्यावर आई त्या नावानंच विचारते, "ती बाजूची पोर बोलते काय ग तुझ्याशी?" तेवढ्यानं दोन्हीकडं धीर येतो.

खोल्या लावताना माझं मत जरा कडक आहे. तीन कॉटच्या खोलीत एकाच गावच्या दोघी आणि तिसरी बाहेरची असं कधी करू नका. त्या दोघी वाईट नसतात, पण रात्री झोपताना गावाकडच्या गप्पा सुरू होतात, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली, आणि तिसरी भिंतीकडं तोंड करून मोबाईल बघत पडते, असं दोन महिने चाललं की ती खोली बदलून मागते आणि आपण म्हणतो हिचं कुणाशी पटत नाही. तिघी तीन ठिकाणच्या ठेवा, पहिला आठवडा अवघड जातो मग फार छान होतंय. जात-धर्म बघून खोल्या तर कधीच नको, पालकांनी मागितल्या तरी नको, ते नम्रपणे पण ठामपणे सांगायचं.

बोलण्याचं पण सांगते. आमच्याकडच्या पोरी "मी जेवलो", "मी आलो" असंच बोलतात, बाहेरच्यांना ते पहिल्यांदा ऐकून नवल वाटतं. चंदगडच्या पोरीच्या बोलण्यात कोकणी-कानडीची छटा येते, निपाणीकडची हेल काढून बोलते. पहिल्या आठवड्यात ह्यावरनं हसणं होतंच आणि हसणारीच्या मनात काही नसतं, पण जिला हसलं ती गप्प होते. माझ्या पहिल्या वर्षी एक पोर मेसमध्ये मावशीला काहीतरी तिच्या भाषेत म्हणाली, सगळं टेबल हसलं, मी पण हसले, आणि मग तीन दिवस ती पोट दुखतंय म्हणून जेवायलाच आली नाही. चौथ्या दिवशी मावशी स्वतः ताट घेऊन वर गेल्या. ते मला अजून टोचतं. तेव्हा कुणी हसलं की तिथंच, त्याच मिनिटाला, मोठ्या आवाजात न बोलता विषय बदला आणि नंतर हसणारीला बाजूला घेऊन सांगा.

मेस

इथं मी जास्त वेळ घेणार आहे कारण सगळं इथंच आहे.

कोल्हापूरला होस्टेल नवीन नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगं उभी करायला मदत केली, मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, ख्रिस्ती मुलांसाठी पण. म्हणून ह्या गावाला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, दसरा चौकाच्या आसपास अजून ही जुनी बोर्डिंगं दिसतात. त्या काळात प्रत्येक समाजाचं बोर्डिंग वेगळं होतं, कारण मुलाला शाळेला पाठवायचं तर आधी तो जेवणार कुठं आणि कुणाच्या हातचं, हाच प्रश्न होता. मग ह्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र, पोरं एकत्र राहायची, एकत्र काम करायची, एका पंगतीला जेवायची, आणि १९२७ ला गांधीजी ते बघायला आले होते. हे सगळं एवढ्यासाठी सांगते की मेसमध्ये आपण शेजारी शेजारी बसतो हे आपोआप झालेलं नाही, कुणीतरी ते घडवलंय, आणि आपल्या फ्लोअरवर ते आपणच घडवत राहायचं आहे.

आता करायचं काय. रात्रीचं जेवण फ्लोअरनं एका वेळी घ्यायचं, सकाळी आणि दुपारी कॉलेजच्या वेळा वेगळ्या असतात म्हणून जमत नाही, पण रात्रीचं जमतं. पहिले पंधरा दिवस तुम्ही सगळ्यात शेवटी जेवा. तुम्ही वाढा. योहानाच्या शुभवर्तमानात येशू जेवणाच्या वेळी उठून शिष्यांचे पाय धुतो, ख्रिस्ती होस्टेलमध्ये मोठेपण म्हणजे काय ते तिथनं घ्यायचं. भाजीचा चमचा हातात असला की बावीस ताटं तुमच्यासमोरनं जातात आणि कोण अर्धीच भाकरी घेते, कोण डोळे सुजवून आली, कोण आलीच नाही, हे न विचारता कळतं. जी आली नाही तिच्या खोलीवर एखादीला पाठवा, तुम्ही स्वतः गेलात तर चौकशी वाटते, मैत्रीण गेली तर "चल की ग" एवढ्यात काम होतं.

घरनं परत येताना प्रत्येकीच्या पिशवीत काहीतरी असतंच, शेंगदाण्याची चटणी, खर्डा, लोणचं, कुणाकडं सुकट. सोमवारी रात्री ते सगळं टेबलावर येऊ दे. सक्ती नको, फक्त तुम्ही तुमची बरणी आधी ठेवा.

खाण्याचे नियम प्रत्येकीचे वेगळे आणि ते सगळे पाळता येतात, फक्त आधी विचारून वहीत लिहायला लागतंय. जैन पोरींपैकी काही कांदा-लसूण-बटाटा खात नाहीत आणि दिवस मावळायच्या आत जेवतात, मग त्यांच्याबरोबर साडेपाच-सहाला कुणीतरी चहा घेऊन बसायचं म्हणजे त्यांचं एकटं जेवण होत नाही. रमजानमध्ये रोजा धरणारीला पहाटेचं जेवण रात्रीच झाकून ठेवा, थर्मासमध्ये दूध ठेवा आणि तिची रूम पार्टनर तिच्यासाठी अलार्म लावते का बघा. आमच्याकडं एका वर्षी पार्टनर रोज पहाटे उठून तिच्याबरोबर नुसतं बसायची, महिनाभर, स्वतःला काही खायचं नसताना. काही ख्रिस्ती पोरी ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मटण-मासे सोडतात, कुणाची संकष्टी, कुणाचा गुरुवार. बुधवारी आणि रविवारी तांबडा-पांढरा असतो तेव्हा शाकाहारी पोरींना आधी वाढायचं, त्यांची पातेली आणि डाव वेगळे, हा नियम मोडला तर लगेच माफी मागायची, "एवढं काय त्यात" असं म्हणायचं नाही.

मेस कमिटीचा हिशोब दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत बोर्डावर लागलाच पाहिजे. किराणा किती, गॅस किती, दूध किती, आणि गावाला गेलेल्या दिवसांचा कट, म्हणजे बिलातली वजावट, कुणाला किती बसली. मेसवरची निम्मी भांडणं चवीची वाटतात पण ती खरं तर हिशोबाची असतात. आणि दोघी-दोघींना पाळीनं रविवारी सकाळी मावशींबरोबर कपिलतीर्थ मार्केटला भाजी आणायला पाठवा, पिशव्या उचलून आलेली पोर त्या आठवड्यात ताटात टाकत नाही.

प्रार्थना

ह्यावर मला मनापासून बोलायचं आहे. मी स्वतः ख्रिस्ती आहे, लहानपणापासून उपासनेत वाढले, आणि तरी सांगते, संध्याकाळच्या प्रार्थनेला हजेरी लावू नका. मी अकरावीला दुसऱ्या एका होस्टेलमध्ये होते, तिथं प्रार्थना चुकली की दंड घ्यायचे, मग पोरी यायच्या, खाली मान घालून बसायच्या आणि मांडीवर मोबाईल. त्यात देवाचं काही नव्हतं. कायद्यानं पण बरोबर नाही, राज्यघटनेच्या कलम २८ मध्ये स्पष्ट आहे की सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या शिक्षणसंस्थेत कुणालाही स्वतःच्या संमतीशिवाय, आणि वय लहान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. अकरावी-बारावीच्या पोरी अठराच्या आतल्या असतात हे लक्षात ठेवा.

मग करायचं कसं? छोटं करा, पंधरा मिनिटं, रोज त्याच वेळी, दार उघडं ठेवून. पेटी वाजवणारी एखादी असतेच, तबल्याला नाही मिळाली तर डबा चालतो. नारायण वामन टिळकांची गीतं म्हणा, ती अभंगाच्या चालीतली, मराठमोळी, घरी हरिपाठ ऐकलेल्या पोरीला पण ती परकी वाटत नाहीत, आमच्याकडं वारकरी घरातली एक पोर सगळ्यात जोरात म्हणायची. शेवटी त्या दिवशी फ्लोअरवर कोण आजारी आहे, कुणाची उद्या परीक्षा आहे, कुणाच्या घरी ऊसतोड अडकलीय, त्यांची नावं घ्या. फक्त एक काळजी घ्या, कुणी विश्वासानं सांगितलेली घरातली गोष्ट प्रार्थनेच्या नावाखाली सगळ्यांसमोर मांडू नका, आधी तिला विचारा. ज्या येत नाहीत त्यांच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायचं नाही, आणि त्यांचंही नाव घ्यायचं. धर्म बदलायचा विषय कुणी काढायचा नाही, ती जागा त्यासाठी नाही.

भांडणं

होणारच. बावीस पोरी, तीन बाथरूम, पावसाळ्यात सोलरचं पाणी कोमट, सात वाजून वीस मिनिटांनी सगळ्यांनाच कॉलेजला जायचंय. अंघोळीचे नंबर रात्रीच कागदावर लिहून दारावर लावा, दर सोमवारी क्रम फिरवा, आणि तुमचं नाव पहिलं कधीच घालू नका.

रात्री लाईट किती वाजता घालवायचा, इअरफोन न लावता रील्स बघणं, न विचारता ड्रेस घालून जाणं, ह्या तीन गोष्टींवर वर्षभरातली बहुतेक भांडणं होतात. खोलीतल्या तिघींनी पहिल्याच आठवड्यात हे ठरवून टाकायचं आणि तुम्ही तिथं बसायचं, पण ठरवायचं त्यांनीच. भांडण झालं की दोघींना आधी वेगवेगळं ऐका, मग त्याच दिवशी एकत्र बसवा, दुसऱ्या दिवसावर ढकललं की फ्लोअरचे दोन गट पडतात. आणि फ्लोअरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण एका ओळीत पण येऊ देऊ नका, तिथं फक्त पाणी, लाईट, मेसची वेळ, हरवलं-सापडलं. लिहिलेलं राहतंय आणि स्क्रीनशॉट फिरतोय.

सिनियरनी ज्युनियरला नाच करायला लावणं, बादल्या भरायला लावणं, नावं ठेवणं, ह्याला गंमत म्हणू नका, ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ चा कायदा आहे, यूजीसीचे २००९ चे नियम आहेत, हेल्पलाईन १८००-१८०-५५२२. हा नंबर बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, तिथं कुणी बघत नसताना वाचता येतो. तसाच टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा, १४४१६. एखादी पोर रात्र रात्र जागते, जेवण सोडते, आपल्या वस्तू वाटायला लागते, तर "टेन्शन घेऊ नको" म्हणून सोडू नका, तिला एकटी ठेवू नका आणि लगेच मॅडमना सांगा. गुपित मोडल्याचा राग येईल, येऊ दे.

आजारपण

रात्री ताप आला तर कुणी न्यायचं हे आधीच ठरलेलं हवं. एक रिक्षावाले काका ओळखीचे करून ठेवा, १०८ लक्षात ठेवा, सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, कुठल्या गेटनं आत जायचं हे एकदा दिवसा बघून या. आजारी पोरीला भाताची मऊ पेज आणि मेतकूट मावशी देतात, फक्त सहाच्या आत सांगायला लागतंय. पेज वर घेऊन जाणारी रोज वेगळी असू दे.

पाऊस आणि महापूर

जुलै-ऑगस्ट हे दोन महिने कोल्हापुरात परीक्षाच असते. कपडे वाळत नाहीत, खोलीला कुबट वास, सगळ्या चिडलेल्या. जिन्यात दोऱ्या बांधा, इस्त्री एक जास्तीची मागून घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फूट झाली की इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे तिथल्या प्रत्येक पोरीला पाठ असतात. ३९ च्या आतच तुम्ही कामाला लागा. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन बंद पडला होता, आणि शहरात एवढं पाणी असून प्यायला पाणी नव्हतं कारण उपसा केंद्रंच बुडाली होती, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. म्हणून पिंप भरून ठेवा, मेणबत्त्या, चार्जिंग, तांदूळ-डाळ आठ दिवसांची, औषधं.

पण ह्यापेक्षा महत्त्वाची एक यादी करा, कुणाकुणाचं घर नदीकाठाला आहे. चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुका. त्या पोरी आपल्याकडं सुरक्षित असतात आणि घरी आई-बाबा जनावरं घेऊन बाहेर पडलेले असतात, फोन लागत नाही. त्यांच्याजवळ कुणीतरी रात्रभर बसायचं, बोलायचं नसलं तरी. आणि बाकीच्यांना हाताला काम द्या. पूर आला की गाव आपणहून भाकरी गोळा करतंय, पोरींना पण पीठ मळायला बसवा, भाजायला मावशी आहेतच. एका रात्रीत ज्या पोरी एकमेकींशी बोलत नव्हत्या त्या एका परातीशी बसलेल्या मी बघितल्यात.

सण

नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, तेव्हापासून तयारी सुरू करा. बांबूच्या काड्या आणि घोटीव कागदाचा तारा फ्लोअरनं स्वतः करावा, विकतचा चायना तारा लावला तर दहा मिनिटांत होतंय पण मग चार संध्याकाळी एकत्र बसायचं राहून जातं. गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, करायला ख्रिस्ती नसलेल्या पोरी सगळ्यात पुढं असतात, कारण गणपतीची आरास करायची सवय. फराळ तोच, करंज्या, शंकरपाळी, चकली, जोडीला केक. ताटं भरून आसपासच्या घरी पोचवा, वॉचमन काकांच्या घरी आधी. कॅरल म्हणत फिरताना मॅडमची परवानगी, परतायची वेळ आणि कोणाच्या दारात आजारी माणूस आहे हे बघून जा.

दिवाळीला होस्टेल रिकामं होतं पण एखाद-दुसरी राहते, घरी जायला पैसे नाहीत किंवा घरी जावंसं वाटत नाही. कारण विचारू नका. कुणीतरी तिला आपल्या गावी घेऊन जा, नाहीतर मावशींना सांगून उटणं, पणती, चार दिवसांचा फराळ एवढं तरी करा. बाकी ईद, बुद्धजयंती, बसवजयंती, ज्यांचा सण त्यांनी ठरवायचं काय करायचं, आपण फक्त हातभार लावायचा.

पैशाचं थोडक्यात सांगते. मेसचं बिल थकलेल्यांची नावं बोर्डावर लावू देऊ नका, मॅडमशी बोला, हप्ते करून मिळतात. सॅनिटरी पॅड, साबण, वह्या, पेन ह्यांचं एक कपाट जिन्यापाशी ठेवा, न विचारता घ्यायचं, असेल तेव्हा भरायचं. आमचं कपाट कधी पूर्ण रिकामं झालेलं मला आठवत नाही.

आणि शेवटचं काम एप्रिलमध्ये. तुमची वही पुढच्या ताईला द्यायची. त्यात कुणाचं काय खाणं, कुणाला दमा आहे, कुणाच्या आईचा फोन दुपारीच लागतो, कुठल्या नळाला जोर कमी, तिसऱ्या खोलीचं दार पावसात फुगतं, मावशींच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही तेव्हा पेज आपणच वर न्यायची, असं सगळं असू दे. विश्वासानं सांगितलेलं असेल ते पान मात्र फाडून टाका, मग द्या.